डावा पंख, उजवा पंख आणि १५३ नॉट : फ्लाइट १९१ चं प्रकरण

२५ मे १९७९. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावरून अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट १९१ दुपारी लॉस एंजेलिसला निघालं. विमान मॅकडॉनल डग्लस कंपनीचं डीसी-१०, तीन इंजिनांचं : दोन पंखांखाली, एक शेपटीत. आकाश स्वच्छ होतं. धावपट्टीवर नाक उचलायची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच डाव्या पंखाखालचं इंजिन, त्याला पंखाशी जोडणाऱ्या पायलॉनसकट, उखडलं. पुढे झेपावून पंखाच्या वरून उलटलं आणि मागे धावपट्टीवर पडलं. विमान तरीही उडालं, व्यवस्थित चढू लागलं. जमीन सोडल्यापासून ३१ व्या सेकंदाला ते कोसळलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे दोन, असे २७३ जण गेले.

ही गोष्ट सहसा इंजिनाची किंवा फोर्कलिफ्टची म्हणून सांगितली जाते. ते खरंही आहे. पण एक इंजिन गेल्याने डीसी-१० पडत नाही. उरलेल्या दोन इंजिनांवर त्याने उड्डाण पूर्ण करावं हे गृहीत धरूनच ते प्रमाणित झालेलं असतं. इंजिन पूर्ण गळून पडलं तरी हिशोब फार बदलत नाही, उलट वजन थोडं कमीच होतं. मग विमान पडलं कशाने? त्याचं उत्तर पंखाच्या आकारात आहे. एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, कसा काम करतो हे समजावून सांगायला मला यापेक्षा नेमकं प्रकरण दुसरं सापडत नाही, कारण इथे एकाच विमानाला, एकाच वेगात, दोन बाजूंना दोन वेगळ्या आकाराचे पंख होते.

आधी तुटलं काय

अपघाताच्या आठ आठवडे आधी, मार्च अखेरीस, या विमानाची देखभाल झाली होती. कारखान्याची शिफारस अशी की आधी इंजिन उतरवायचं, मग पायलॉन. पण दोन्ही एकत्र उतरवले तर कामाचे बरेच तास वाचतात, म्हणून फोर्कलिफ्टवर इंजिन-पायलॉनचा अख्खा जोड तोलून धरायचा आणि तसाच परत चढवायचा अशी पद्धत पडली होती. पायलॉन जिथे पंखाला मागच्या बाजूने जोडला जातो तिथे जागा फार अरुंद असते. फोर्कलिफ्टचे दात किंचित खाली-वर झाले की पायलॉनच्या मागच्या भिंतीची वरची पट्टी पंखाच्या जोडावर आदळते. तशी ती आदळली आणि तिला सुमारे १० इंचांची भेग पडली. पुढच्या उड्डाणांमध्ये धातू थकत गेला आणि ती १३ इंचांपर्यंत वाढली. २५ मे रोजी, इंजिनाचा जोर पूर्ण लागलेला असताना, जोड सुटला.

उखडताना पायलॉनने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचा सुमारे तीन फुटांचा तुकडा सोबत नेला. त्या कडेच्या आतून जाणाऱ्या हायड्रॉलिक नळ्या तुटल्या. या नळ्यांवर डाव्या पंखाच्या बाहेरच्या बाजूचे स्लॅट, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेचे पुढे सरकणारे तुकडे, अवलंबून होते. डीसी-१० मध्ये स्लॅट बाहेर काढल्यावर त्यांना अडकवून ठेवणारी यांत्रिक कडी नव्हती, आतल्या द्रवाचा दाब हीच कडी. द्रव वाहून गेला आणि समोरून येणाऱ्या हवेने ते स्लॅट ढकलून परत पंखाला चिकटवून टाकले. उजव्या पंखाचे स्लॅट मात्र जागच्या जागी, बाहेर.

अपघाताचं खरं कारण म्हणावं ते हे. बाकी सगळं इथवर पोचायचा रस्ता.

स्लॅट करतो काय

पंख पुढून मागे कापला तर त्याचा जो छेद दिसतो तो एअरफॉइल : पुढे गोलसर, मागे निमुळता, वरून सहसा जास्त फुगीर. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला मागच्या कडेपाशी वेळेत गाठायला ती पळते, म्हणून दाब कमी होतो, अशी एक समजूत पाठ्यपुस्तकांतही फिरत असते. ती निखालस चूक आहे. दोन हवांना एकमेकींना गाठण्याचं कसलंही बंधन नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या बरीच आधी मागच्या कडेला पोचते. शिवाय ही समजूत खरी असती तर विमान उलटं होऊन उडूच शकलं नसतं.

होतं ते असं. एअरफॉइल हवेला वळवतो. पंख समोरून येणाऱ्या वाऱ्याशी थोडा तिरका धरलेला असतो. या तिरकेपणाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. वरची हवा पंखाच्या वळणाला धरून खाली वळत जाते. वाहत्या हवेला वळवायचं तर वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावा लागतो, म्हणून पंखाच्या पाठीवर दाब घटतो आणि कमी दाबाकडे खेचली जाणारी हवा तिथे वेग घेते. खालच्या बाजूला दाब थोडा वाढतो. या फरकाने पंख वर ढकलला जातो आणि त्याच वेळी पंखामागची हवा खाली ढकलली जाते. बर्नुलीचा दाब खरा की न्यूटनचा संवेग, हा वाद इथे पोकळ आहे. दाबाचा फरक मोजा किंवा खाली ढकललेल्या हवेचा संवेग मोजा, उत्तर तेच येतं.

हा दाबाचा फरक किती मोठा असतो? विमानाचं वजन पंखांच्या क्षेत्रफळाने भागून पाहिलं तर डीसी-१० साठी वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम पाच टक्के निघतो. दीडशे टनांहून जड यंत्र एवढ्यावर तरंगतं. पण हा फरक सगळीकडे सारखा वाटलेला नसतो, आणि पुढची सगळी भानगड त्या असमान वाटपात आहे.

अँगल वाढवला की लिफ्ट, म्हणजे पंखाला वर ढकलणारा हा जोर, वाढते, आणि बऱ्याच अंशी सरळ प्रमाणात. पण त्यासोबत पंखाच्या नाकाजवळ, पुढच्या कडेच्या लगेच मागे, दाब खूप खोल घसरतो. अँगल जितका जास्त तितका हा खड्डा खोल. हवा तिथे जोरात पोचते खरी, पण पुढे मागच्या कडेपर्यंत तिला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जायचं असतं, म्हणजे चढ. मुख्य प्रवाहाला तो चढ झेपतो. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून घासत जाणाऱ्या पातळ थराला झेपत नाही, कारण त्याचा वेग घर्षणात आधीच गेलेला असतो. उतारावरून आलेली सायकल, ब्रेक दाबलेले, आणि समोर घाटाचा चढ : ती मध्येच थांबते आणि मागे घरंगळते. तो थर तसाच थांबतो, उलटा फिरतो आणि वरच्या सगळ्या प्रवाहाला पृष्ठभागापासून सोडवून टाकतो. हवा वळायची थांबते, लिफ्ट कोसळते. याला स्टॉल म्हणतात. साध्या पंखाच्या बाबतीत तो साधारण १५ अंशांच्या आसपास गाठला जातो.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण या प्रकरणात सगळं तिच्यावर येऊन थांबतं. स्टॉल होतो अँगलमुळे. वेग कमी झाला म्हणून स्टॉल झाला असं बोलताना आपण म्हणतो, पण मधला दुवा गाळतो. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग घटला तर तेवढंच वजन उचलून धरायला अँगल वाढवावा लागतो, आणि वाढवता वाढवता तो मर्यादेला भिडतो. म्हणजे 'स्टॉलचा वेग' हा आकडा त्या पंखाच्या आकारातून आणि त्या वजनातून काढलेला असतो. आकार बदलला की आकडा बदलतो.

आकार बदलण्यासाठीच स्लॅट असतात. पंखाच्या पुढच्या कडेचा एक लांब, वळणदार तुकडा पुढे आणि खाली सरकतो आणि मध्ये एक फट उघडते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि लगेच नंतर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हँडली पेज आणि जर्मनीत गुस्ताव लाखमान यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. त्या फटीतून ताजी, जोरदार हवा सुटते आणि थकलेल्या थराला जोर देते, असं पुढची कित्येक वर्षं सांगितलं गेलं. डग्लस कंपनीतलेच वायुगतिकीतज्ज्ञ ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७० च्या दशकात हे स्पष्टीकरण मोडून काढलं. स्लॅट हा स्वतःच एक छोटा एअरफॉइल असतो, आणि त्याच्याभोवती वळणारी हवा मागच्या मुख्य पंखाच्या नाकावरचा दाबाचा खड्डा उथळ करते. खड्डा उथळ, म्हणून मागचा चढ सौम्य, म्हणून प्रवाह जास्त अँगलपर्यंत चिकटून राहतो. स्लॅट बाहेर असताना पंख २० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो.

पण त्याच अँगलला, समजा आठ अंशांना, स्लॅट बाहेर असो वा आत, लिफ्ट जवळपास सारखीच मिळते! स्लॅट लिफ्टच्या आलेखाची रेषा वर उचलत नाही, ती रेषा पुढे लांबवतो. फ्लॅपचं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या भागाचं, तसं नाही. फ्लॅप खाली केला की त्याच अँगलला लिफ्ट लगेच वाढते आणि वैमानिकाला ते हाताला जाणवतं. स्लॅट आत गेल्याचं हाताला काही जाणवत नाही, मर्यादा येईपर्यंत.

वीस सेकंद सरळ, मग नाही

त्या दिवशीच्या वजनाला डीसी-१० चा स्टॉलचा वेग, स्लॅट बाहेर धरून, १२४ नॉट होता. त्यावरून ठरवलेला व्ही-टू, म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर सुरक्षितपणे चढायचा किमान वेग, होता १५३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८३ किलोमीटर. तेव्हाचा नियम सांगायचा की व्ही-टू स्टॉलच्या वेगापेक्षा निदान २० टक्के वर हवा. इथे तो २३ टक्के वर होता. कागदावर सगळं ऐसपैस.

डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट आत गेल्यावर त्या बाजूचा स्टॉलचा वेग झाला १५९ नॉट.

दोन्ही वेगांच्या वर्गांचं गुणोत्तर काढा : साधारण १.६४. म्हणजे ढोबळमानाने, तो पंख जास्तीत जास्त जेवढी लिफ्ट देऊ शकत होता त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. आणि सुरक्षित म्हणून कॉकपिटमध्ये लिहिलेला १५३ हा आकडा डाव्या पंखाच्या स्टॉलच्या सहा नॉट खाली होता.

जमीन सोडल्यानंतर नऊ सेकंदांनी विमान सुमारे १४० फुटांवर आणि १७२ नॉट वेगात होतं. चढ सुरळीत, पंख जवळपास समतल. इंजिन गेल्याने नाक डावीकडे ओढलं जात होतं, ते रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या पट्टीने, सांभाळलं होतं. १७२ नॉटला लागणारा अँगल दोन्ही पंखांच्या मर्यादेच्या आत होता, म्हणून दोन्ही पंख सारखी लिफ्ट देत होते. डावा पंख बदललाय याची खूण विमानाच्या वागण्यात कुठेच नव्हती.

विमान चालवत होता फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनचा सहवैमानिक. त्याने पुढे केलं ते कंपनीच्या लिखित पद्धतीप्रमाणे. टेकऑफच्या वेळी इंजिन गेलं तर व्ही-टू वेगावर चढायचं, उंची मिळवायची, मग नाक खाली करून वेग वाढवायचा. हातात १७२ आहेत, हवे आहेत १५३, तर जास्तीचा वेग उंचीत बदलून घ्या. नाक सुमारे १४ अंश वर धरलं गेलं. वेग सेकंदाला साधारण एक नॉट या गतीने उतरू लागला, आणि तो उतरेल तसा दोन्ही पंखांचा अँगल वाढत गेला.

विसाव्या सेकंदाला, ३२५ फुटांवर, वेग १५९ झाला आणि विमान डावीकडे कलू लागलं.

एकदा कलणं सुरू झालं की ते स्वतःला पोसतं. डाव्या पंखाचा बाहेरचा भाग स्टॉल झाला, आणि हाच भाग धडापासून सगळ्यात लांब, म्हणजे त्याची तरफही सगळ्यात मोठी. पंख खाली जाऊ लागला की त्याला हवा खालून जास्त लागते, म्हणजे अँगल आणखी वाढतो, स्टॉल आणखी खोल होतो. उजव्या पंखाचं उलट : वर जाताना त्याचा अँगल कमी होतो आणि तो मर्यादेपासून दूरच राहतो. सुटलेल्या प्रवाहामुळे डावीकडे ओढही वाढते आणि नाक तिकडे फिरतं. अशा वेळी कुठलाही वैमानिक डावा पंख उचलायला चाक उजवीकडे फिरवतो. त्याने डावं एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातं, म्हणजे आधीच हात टेकलेल्या एअरफॉइलकडे आणखी लिफ्ट मागितली जाते. कोसळताना विमान डावीकडे ११२ अंश कललेलं होतं, म्हणजे पंख उभा होऊन त्याच्याही पुढे, आणि नाक २१ अंश खाली.

मग वैमानिकांना कळलं का नाही

कॉकपिटमधून ते पंख आणि इंजिनं दिसत नाहीत. इंजिन बंद पडलंय एवढंच उपकरणांवरून कळत होतं, ते गळून पडलंय हे नाही. स्लॅट दोन्हीकडे सारखे नाहीत हे दाखवणारा दिवा होता, पण तो पेटला नाही. स्टॉल जवळ आला की वैमानिकाचा कंट्रोल कॉलम थडथडवणारं यंत्र, स्टिक शेकर, तेही होतं. ते फक्त कॅप्टनच्या बाजूला बसवलेलं होतं, आणि त्याची वीज क्रमांक एकच्या इंजिनावरच्या जनित्रातून येत होती. म्हणजे त्याच इंजिनावरून, जे मागे धावपट्टीवर पडलं होतं. दिव्याचंही तेच. कॅप्टनची काही महत्त्वाची उपकरणंही त्याच झटक्यात गेली.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. नियंत्रण सुटण्याला बोर्डाने तीन गोष्टींचा संयोग जबाबदार धरला : बाहेरचे स्लॅट आत जाणं, स्लॅटचा इशारा जाणं आणि स्टॉलचा इशारा जाणं. यातली कुठलीही एकच घडली असती तर प्रशिक्षित वैमानिकांच्या हातून विमान सुटलं नसतं, असं बोर्डाचं मत. प्रमाणीकरणाच्या वेळी इंजिन जाण्याचा विचार झाला होता, एका बाजूचे स्लॅट आत जाण्याचाही झाला होता. दोन्ही एकाच कारणाने, टेकऑफच्या क्षणी, एकदम होतील हे कोणी धरलं नव्हतं.

सिम्युलेटरमध्ये हीच परिस्थिती वैमानिकांना दिली गेली. लिखित पद्धत पाळणाऱ्यांचं विमान गेलं. कलणं सुरू होताच नाक खाली करून वेग वाढवणारे वाचले. यावरून 'नाक खाली करायला हवं होतं' असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. ३२५ फुटांवर, एक इंजिन गेलेलं असताना, स्टॉलची एकही खूण नसताना आणि वेग पुस्तकातल्या किमान आकड्याच्या वर असताना नाक जमिनीकडे वळवायचं, हा निर्णय उत्तर आधी माहीत असलेला माणूसच घेऊ शकतो. बोर्डानेही वैमानिकांवर तो बोजा टाकला नाही. फर्स्ट ऑफिसरने १५३ हा आकडा पाळला. तो ज्या पंखासाठी काढला होता तो पंख डावीकडे उरलाच नव्हता.

नंतर

६ जून १९७९ रोजी एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, डीसी-१० चं प्रमाणपत्र स्थगित केलं, ते १३ जुलैला परत दिलं. अपघातानंतर इतर डीसी-१० तपासली तेव्हा आणखी काही विमानांच्या पायलॉनवर तशाच भेगा निघाल्या. फोर्कलिफ्टची पद्धत बंद झाली.

पंखाच्या बाजूने पाहता दोन बदल महत्त्वाचे. एक, टेकऑफची पद्धत : इंजिन गेलं त्या वेळी वेग व्ही-टूच्या वर असेल तर तो मुद्दाम उतरवायचा नाही, व्ही-टू अधिक दहा नॉटपर्यंत राखायचा. दोन, स्टिक शेकर दोन्ही वैमानिकांच्या कॉलमला, आणि स्टॉलचा इशारा देणाऱ्या दोन्ही संगणकांना दोन्ही पंखांच्या स्लॅटची माहिती.

पहिला बदल फ्लाइट १९१ ला लावून पाहिला तर व्ही-टू अधिक दहा म्हणजे १६३ नॉट येतात. डाव्या पंखाचा स्टॉल १५९ ला. चार नॉट, म्हणजे लिफ्टच्या हिशोबात सुमारे पाच टक्के. सरळ उडत असताना हे पुरतं. पण विमान वळवायला घेतलं की पंखाला वजनापेक्षा जास्त लिफ्ट द्यावी लागते, आणि १८ अंशांच्या साध्या कलत्या वळणातच ती पाच टक्के संपते. परत धावपट्टीकडे यायला वळावं तर लागणारच होतं. म्हणून या दोन्हींत मला दुसरा बदल मोठा वाटतो : पुस्तकातला आकडा कुठलाही असो, पंखाचा आकार या क्षणी काय आहे हे विचारून मग कॉलम थडथडवणारं यंत्र.